आमच्या वॉर्डाचे तीन मेंबर, पाच वर्षं : गिरणीवालीचा अभिप्राय

डिसेंबर 2020 च्या ग्रामपंचायत निवडणुकीत आमच्या वॉर्डातून तीन मेंबर निवडून गेले. तिघांनाही मी मत दिलं होतं. आता त्यांची मुदत सरत आलीय आणि पुढच्या खेपेला कोण उभं राहणार याची चर्चा माझ्या गिरणीत रोज संध्याकाळी रंगते. कुणाचा गोतावळा मोठा, कोण कुणाच्या गटातला, सगळं निघतं. पण हे तिघं पंचायतीच्या बैठकीला किती वेळा गेले आणि तिथं काय बोलले, हे कुणी काढत नाही. मी ते शोधून काढलंय. घरपट्टी आणि पाणीपट्टी मी दरवर्षी वेळेवर भरते, त्यामुळे अभिप्राय लिहायचा माझा हक्क आहे असं मी मानते.

गाव बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेला, वेंगुर्ला रस्त्यावरून आत. त्याच रस्त्यानं सरळ जाऊन शिनोळी आली की महाराष्ट्र लागतो, आम्ही अलीकडे कर्नाटकात. पावसाळ्यात भात आणि रताळी, घरटी एक-दोन म्हशी, आणि सकाळी निम्मी तरुण पोरं मोटरसायकलवरून उद्यमबागच्या कारखान्यांत. गावाचं नाव मी घालत नाही. तिन्ही मेंबर माझ्या शेजारपाजारचे, त्यांच्या घरचं दळप माझ्याकडेच येतं. त्यांची गावाबाहेर नाचक्की करण्यात मला रस नाही. त्यांनी केलेलं आणि न केलेलं काम तेवढं मला लिहायचं आहे.

गिरण मी सतरा वर्षं चालवते, मालक, म्हणजे माझे यजमान, वारल्यापासून एकटीच. एक सवय सांगून ठेवते, कारण पुढे तिचं काम पडणार आहे. आमच्याकडे लाईट कधीही जाते आणि मग कुणाचा डबा आधी यावरून भांडणं लागतात. म्हणून डबा ठेवला की मी वहीत नाव, धान्य, किलो आणि वेळ लिहिते. सगळ्या वह्या माळ्यावर गोणपाटात बांधून ठेवलेल्या आहेत.

सुरुवात पाण्यावरून झाली. केंद्राची जलजीवन योजना, आमच्याकडे तिला ‘मनेमनेगे गंगे’ म्हणतात, घरोघरी नळ आणि माणशी दिवसाला 55 लिटर पाणी. वरच्या गल्लीत रस्ता उकरला, पाईप पडली, घरापुढं मीटरही बसले. खालच्या गल्लीतल्या 41 घरांपुढं काही आलं नाही. मी खालच्या गल्लीत राहते. उन्हाळ्यात पहाटे साडेचारला विहिरीवर घागरींची रांग, आणि त्याच वेळी वरच्या गल्लीत नळाखाली बादल्या भरल्याचा आवाज. हे मी दोन उन्हाळे ऐकलंय.

आमच्यातल्या जुन्या मेंबरांना मी विचारलं. ते म्हणाले, “वरनंच यादी तशी आली वैनी, आपल्या हातात काय न्हाई.” मी विश्वास ठेवला. वर्षभर गल्लीतल्या बायकांनाही हेच सांगत राहिले. मग एक दिवस आमच्या तिसऱ्या मेंबरनं, तिच्याबद्दल पुढे लिहिते, मला सांगितलं की गावाचा पाण्याचा आराखडा गावातच होतो, पंचायतीत त्यावर बोलणं होतं आणि तो ग्रामसभेपुढं ठेवतात. वरून येतो तो पैसा. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशाचंही तसंच, त्यातला 60 टक्के वाटा पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायचा असतो, आणि कुठली गल्ली आधी हे पंचायतीतली माणसं बोलून ठरवतात.

म्हणजे एक बैठक झाली होती. त्या बैठकीत वरच्या गल्लीचं नाव घेणारं कुणीतरी होतं. मग आमच्या गल्लीचं नाव घ्यायला कोण होतं?

एवढंच मला कळून घ्यायचं होतं. पंचायतीत जाऊन हजेरीचं पुस्तक दाखवा म्हटलं तर आज साहेब नाहीत, उद्या कपाटाची चावी नाही. तीन फेऱ्या मारल्यावर मी माहिती अधिकाराचा अर्ज करायचं ठरवलं. दोन फुलस्केप कागदांवर मराठीत सगळी कहाणी लिहिली, विहिरीपासून. शेजारची मुलगी कॉलेजला आहे, तिनं वाचून कागद बाजूला ठेवला. म्हणाली, “काकी, मराठीतनं चालत न्हाई.” कायद्यात इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा असं लिहिलंय, आणि आमच्या भागाची राजभाषा कागदोपत्री कन्नड. वर कर्नाटकाच्या नियमाप्रमाणे अर्ज 150 शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर हवा. तिनं माझी दोन पानं चार ओळींत कन्नडमधून उतरवली: निवडून आल्यापासूनच्या सगळ्या सर्वसाधारण सभांची हजेरी आणि इतिवृत्त यांच्या प्रती द्याव्यात. 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडली. विहीर, घागरी, पहाट, काही उरलं नाही त्यात. पण ती म्हणाली तेच बरोबर होतं, कागद मागायचे तर कागदच मागावेत.

30 दिवसांची मुदत उलटली. आम्ही पहिलं अपील टाकलं. बावन्नाव्या दिवशी निरोप आला की 118 पानं तयार आहेत, पानाला 2 रुपयांप्रमाणे 236 रुपये भरा. मी पिशवीतून पैसे काढत होते, तर मुलीनं हात धरला. मुदतीत माहिती दिली नाही तर ती फुकट द्यावी लागते, कलम 7 चं सहावं पोटकलम. तिनं मोबाईलवर काढून दाखवलं. टेबलामागच्या माणसानं ते वाचलं, आत जाऊन आला आणि गठ्ठा आमच्यापुढं ठेवला. आमच्यासारखं कुणी मागायला जाणार असेल तर एवढं पोटकलम लक्षात ठेवून जावं.

त्या संध्याकाळी गिरणीतच वाचन झालं. लाईट गेलेली, पाच-सहा बायका डब्यांवर बसलेल्या, मुलगी बॅटरीच्या उजेडात कन्नड वाचत होती. मी मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकले, कन्नड मला बोर्डावरचं जोडून जोडून वाचता येतं तेवढंच. पण ती वाचायला लागली आणि मधले मधले शब्द थेट कानात शिरले. हाजराती. गैरहाजरु. सदस्यरु. ठरावु. कोपऱ्यातली म्हातारी म्हणाली, “अगं, हे तर आपलंच बोलालीय की!” इतकी वर्षं हे कागद आपल्याला कळायचे नाहीत म्हणून आम्ही त्यांच्या वाटेला गेलो नाही. ज्या शब्दांची आम्हाला गरज होती, हजर आणि गैरहजर, ते दोन्ही भाषांत एकच होते.

गठ्ठ्यात 46 बैठका होत्या. आम्ही रताळी मोजताना ओढतो तशा रेघा ओढल्या, चार उभ्या आणि एक आडवी. दोन दिवस लागले.

आता मेंबर.

पहिले मेंबर, ज्यांनी मला यादी वरून आल्याचं सांगितलं, ते 46 पैकी 19 बैठकांना हजर. निम्म्याहून कमी. पाण्याची ती बैठक ऑगस्ट 2022 मध्ये झाली होती, तिच्या पानावर त्यांच्या नावापुढं गैरहाजरु. हे वाचताना मला वाईट वाटलं, कारण या माणसाबद्दल माझ्या मनात राग नाही. माझे मालक गेले तेव्हा रात्री दोन वाजता ते आले, लाकडं त्यांनी आणली, खांदा दिला, तिसऱ्या दिवशी राख सावडायलाही तेच पुढं. माझ्या दिराला मध्यरात्री सिव्हिलला घेऊन गेले आणि सकाळपर्यंत बाकावर बसून राहिले. गावात कुणाचं लग्न, बारसं, वास्तुशांत, मयत, काही असो, ते नाहीत असं होत नाही. आम्ही त्यांना मत दिलं तेही यावरच. सुखदुःखाला येणारा माणूस, असं आमच्या तोंडात होतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी विचार करत पडले की खांदा द्यायला गावातली शंभर माणसं येतात. न बोलावता येतात, आणि येतीलच. पंचायतीच्या टेबलाशी बसून खालच्या गल्लीचं नाव घ्यायचा हक्क मात्र वॉर्डात फक्त तिघांना आहे. आमच्याकडे साधारण 400 लोकसंख्येमागं एक मेंबर असतो. एवढ्या माणसांनी एका माणसाला एक खुर्ची देऊन पाठवलं आणि ती खुर्ची 27 वेळा रिकामी राहिली. आणि आम्ही वर्षानुवर्षं त्याची हजेरी मांडवात आणि स्मशानात घेत आलो. मीही घेत आले.

दुसऱ्या मेंबर बाई. महिला राखीव जागेवरच्या. यांची हजेरी बघून आम्ही थक्क झालो, 46 पैकी 43. तिघांत सगळ्यांत जास्त. मग मुलीनं सहीकडं बोट दाखवलं. या बाई माझ्याकडे उधारीच्या वहीत सही करतात, एकेक अक्षर सुटं, मराठीत, जीभ दातांत धरून. पुस्तकातली सही एका दमात ओढलेली, शेवटी शेपूट काढलेली. मी माळ्यावरून वह्या काढल्या. बैठका सकाळी अकराच्या, एक-दीडपर्यंत चालतात. चार तारखा अशा सापडल्या की पंचायतीच्या पुस्तकात बाई हजर आणि त्याच वेळेला माझ्या वहीत त्यांचं दळप. एके दिवशी नाचणी 6 किलो, अकरा चाळीस. मला तो दिवस आठवत नाही, पण अक्षर माझं आहे.

त्यांचा नवरा जातो हे गावात सगळ्यांना माहीत होतं. त्यात कुणाला वावगं वाटत नव्हतं, खरं सांगायचं तर मलाही वाटलं नव्हतं. सही पाहिल्यावर वाटलं. कर्नाटकात पंचायतीतल्या निम्म्या जागा बायकांना आहेत, ते काही नवऱ्यांना दोन खुर्च्या मिळाव्यात म्हणून नव्हे.

मी बाईंना एकदा गिरणीत थांबवून विचारलं. पीठ चाळता चाळता म्हणाल्या, “मी कशाला जातो काकी, मला काय कळतंय त्यातलं? आमचे हे जात्यात.” (आमच्याकडे बायकाही ‘मी जातो’च म्हणतात.) मग थोड्या वेळानं आपणहून बोलल्या. पहिल्या बैठकीला त्या गेल्या होत्या, नवी साडी नेसून. पीडीओ, म्हणजे पंचायतीचे विकास अधिकारी, कन्नडमधून वाचत होते, त्यांना काही कळेना, विचारायची लाज वाटली. शेवटी चहा आला, तो त्यांनी सगळ्यांना दिला, कप गोळा केले आणि घरी आल्या. पंचायतीच्या अध्यक्ष निवडीचे दिवस सोडले तर पुन्हा गेल्या नाहीत. हे ऐकून माझा निम्मा राग निवला, पण निम्माच. 46 बैठकांच्या इतिवृत्तात त्यांच्या नावावर एकही प्रश्न नाही, एकही सूचना नाही. त्यांच्या जागी जाऊन बसणाऱ्यानंही आमच्या गल्लीसाठी तोंड उघडलेलं नाही. पाण्याच्या त्या बैठकीला पुस्तकात त्या हजर आहेत.

तिसरी मेंबर वयानं लहान, बीए झालेली, माझ्या मुलीच्या वर्गातली, म्हणून मी तिला अगं-तुगं करते. 46 पैकी 38. आठ गैरहजेऱ्यांतल्या तीन लागोपाठ आहेत, 2022 च्या जुलैपासून, आणि त्यांच्यापुढं रजेच्या अर्जाची नोंद आहे. ती बाळंतीण होती. म्हणजे ज्या एका बैठकीत आमच्या गल्लीचं नाव निघायला हवं होतं, त्या बैठकीला एक कामावर, एकीच्या जागी नवरा, आणि एक दहा दिवसांची ओली बाळंतीण. आमच्या 41 घरांचं पाणी तिथं अडलं. तिनं परत गेल्यावर तिसऱ्याच बैठकीत विषय काढला. तो मंजूर व्हायला, वरून पैसे यायला आणि पाईप पडायला पुढे चौदा महिने गेले.

तिच्या नावावर इतिवृत्तात 27 नोंदी आहेत. मराठी शाळेमागची गटार, बसस्टॉपजवळचे बंद दिवे, स्मशानाच्या वाटेवरची मोरी. त्यातली एक नोंद मला पाठ आहे. पाईपसाठी उकरलेला रस्ता ठेकेदारानं पूर्ववत केल्याशिवाय काम पूर्ण झाल्याचं पत्र पंचायतीनं देऊ नये, असा ठराव तिनं मांडला आणि लिहूनच घेतला. वरच्या गल्लीत पावसाळाभर गुडघ्याएवढा चिखल होता, म्हातारी माणसं घराबाहेर पडत नव्हती. ठराव झाल्यावर दोन महिन्यांत खडी आणि काँक्रीट पडलं. पहिल्या मेंबरांनी त्याच रस्त्यासाठी ठेकेदाराला रस्त्यात गाठून दोनदा शिव्या घातल्या होत्या. त्याचा काही उपयोग झाला नव्हता.

नोटीस मराठीतूनही लागावी हा ठरावही तिचाच. आमच्या भागात मराठीतून कागदपत्रं मिळावीत ही मागणी किती जुनी आहे हे मी सांगायला नको. 1 नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, इथली मराठी माणसं काळा दिन पाळतात. त्या दिवशी मी दरवर्षी काळी साडी नेसते, माझी आईही नेसायची. पण खरं सांगते, त्या दिवशी फेरीत घोषणा देणारे आमचे किती मेंबर आपल्याच पंचायतीच्या बैठकीत बसून, मराठी नोटीस लावा असा साधा ठराव मांडतात? आमच्याकडे तो एका तिशीतल्या पोरीनं मांडला, मांडीवर पोर घेऊन. पंचायतीनं काही केलं नाही. आता ती स्वतः कन्नड नोटिशीखाली हातानं लिहिलेला मराठी कागद चिकटवते. पावसात तो भिजतो, ती दुसरा लावते.

तिच्यातही उणं आहे आणि ते लिहायलाच हवं. ती तोडून बोलते. रात्री आठनंतर फोन उचलत नाही. लग्नाला आली तर अक्षता टाकून निघते, म्हणून गावात तिला शिष्ट म्हणतात. बैठकीत काय झालं हे ती गल्लीत येऊन सांगत नाही, आपण विचारलं तर सांगते. एवढं काम करून ते लोकांपर्यंत पोचलं नाही तर पुढच्या निवडणुकीत ती पडेल, असं मी तिला तोंडावर सांगितलंय.

मला एक गोष्ट मात्र सगळ्यांत जास्त लागली. अध्यक्षांची मुदत 30 महिन्यांची असते आणि मेंबरच आपल्यातून अध्यक्ष निवडतात. माझं माहेर पलीकडं महाराष्ट्रात, चंदगड तालुक्यातलं, तिकडं सरपंच थेट लोकांच्या मतानं निवडतात, आमच्याकडे तसं नाही. त्यामुळे अध्यक्ष निवडीच्या दिवशी एकेका मेंबरच्या मताला किंमत येते. 2021 आणि 2023, त्या दोन्ही दिवशी पंचायतीतले झाडून सगळे मेंबर हजर. पहिले मेंबरही हजर, दुसऱ्या बाई स्वतः हजर, गळ्यात हार घालून फोटोत आहेत. त्या दिवशी कुणाची शिफ्ट आड आली नाही, कुणाला कन्नड अडलं नाही.

गठ्ठा वाचून झाल्यावर मी काय केलं ते सांगते. माझ्या गिरणीबाहेर दराची पाटी आहे: तांदूळ, गहू, जोंधळा, नाचणी, मिरची. तिच्या खाली मोकळी जागा होती. तिथं मी खडूनं तिघांची नावं आणि पुढं आकडे लिहिले. दुसऱ्या मेंबर बाईंच्या 43 पुढं मी कंसात ‘सही’ असं लिहिलं. तेवढंच.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पहिले मेंबर आले. कामावरून थेट आले होते, अंगावर भट्टीची काजळी, हातात जेवणाचा डबा. पाटीपुढं उभे राहून बराच वेळ वाचत होते. मी पट्टा बंद केला.

“वैनी, मला घरात येऊन बोलला असता तर चाललं नसतं काय? पाटीवर घालून बेअब्रू कशाला?”

मी म्हटलं, “भावजी, मी तुम्हाला पाण्याचं घरात येऊनच विचारलं होतं. तुम्ही वरनं यादी आली म्हणालासा.”

ते खाली बसले. मग म्हणाले, “मला तसंच सांगितलं वो. मी त्या मीटिंगला नव्हतो.” आणि थोड्या वेळानं, “अकराला मीटिंग असते. सकाळची शिफ्ट तीनला सुटते. एक खाडा पडला की दिवसाचा पगार जातो, महिन्याचा हजेरी बोनस जातो. पंचायतीचं मानधन किती असतं, तुम्हाला ठावं हाय की. तीन लेकरं हाईत.”

हे मला ठाऊक नव्हतं. म्हणजे ते कामाला जातात हे ठाऊक होतं, पण बैठकीची वेळ आणि त्यांची शिफ्ट मी कधी शेजारी ठेवून बघितली नव्हती. कामगार माणसाला मेंबर करायचं आणि बैठक कामाच्या दिवशी अकराला ठेवायची, मग तिथं जाणार कोण? ज्याला कामाला जायचं नसतं तो. मी त्यांना म्हटलं की हे तुम्ही बैठकीत कधी मांडलंत का, वेळ बदला म्हणून? ते माझ्याकडं बघत राहिले. मांडलं नव्हतं. मांडायला जायला हवं होतं.

आकडे मी पुसले नाहीत. चहा केला, ते पिऊन गेले. पुढच्या बैठकीत वेळ बदलायचा विषय तिसरीनं मांडला, त्यांनी अनुमोदन दिलं, इतिवृत्तात पहिल्यांदा त्यांचं नाव एखाद्या विषयापुढं आलं. दोन महिने बैठक दुपारी चारला झाली आणि दोन्ही वेळा ते आले. पुढे पीडीओंकडे दुसऱ्या पंचायतीचाही कारभार आला आणि वेळ परत अकरावर गेली. तरी पाटी लागल्यानंतरच्या सात बैठकांपैकी पाचांना ते होते. दोन वेळा खाडा करून गेले, हे त्यांच्या बायकोनं मला सांगितलं, जरा रागानंच. तिचा राग मला समजतो.

दुसऱ्या मेंबर बाईंचं काही बदललं नाही. दळप मात्र आता त्यांची सासू घेऊन येते.

बेळगाव शहरातल्या शाहापूरला माझी बहीण राहते. मी तिला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, तुझे निदान बैठकीला न जाता तरी राहिले, आमच्याकडे बैठकच नव्हती. बेळगाव महापालिकेत 58 वॉर्ड. सप्टेंबर 2021 मध्ये नगरसेवक निवडून आले आणि महापौर निवडायला 2023 चा फेब्रुवारी उजाडला. दीड वर्षाच्या आसपास नगरसेवक निवडलेले, पण सभागृह भरलेलं नाही. बहिणीच्या गल्लीत कचऱ्याचा प्रश्न होता, तो ती कुणापुढं मांडणार? नगरसेवकाकडे गेलं की तो म्हणायचा, आधी सभागृह तर भरू द्या. शहर असो की खेडं, मत दिल्यावर पुढं काय झालं हे बघणारं कुणी नसतं.

आणि इथं मला आमच्याबद्दलही लिहायला हवं. वार्ड सभा सहा महिन्यांतून एकदा व्हायला हवी. तिला निदान 20 मतदार हजर लागतात, नाहीतर ती धरत नाही. माझी पाटी लागल्यावरची पहिली वार्ड सभा मराठी शाळेच्या व्हरांड्यात ठेवली होती. तिसरी मेंबर सतरंजी घालून बसली होती, पहिले मेंबर शिफ्ट करून आले होते. आम्ही 14 जण. पाटी वाचून माझ्याशी तासतास बोलणारे, मेंबरांना नावं ठेवणारे, यातलं फार कुणी आलं नाही. तासभर वाट बघितली, कोरम झाला नाही, सतरंजी गुंडाळली. मला त्या दिवशी इतकं लागलं की मी घरी येऊन जेवले नाही. पुढच्या वेळी मी दुपारी तीनला गिरण बंद केली आणि दळप घेऊन आलेल्या प्रत्येकीला सांगितलं, डबा इथं राहू दे, आधी शाळेत चल, मग दळते. त्या दिवशी 33 जण होतो, त्यात 26 बायका. आमच्या गल्लीच्या गटारीचं काम त्या सभेत यादीत घातलं, पहिल्या क्रमांकावर. ते मी स्वतः लिहून घेतलं आणि मग सही केली.

आता तारे. पहिल्या मेंबरांना पाचपैकी दोन, आणि शेवटच्या वर्षाबद्दल अर्धा जास्त. माणूस म्हणून मी त्यांना पाच देईन, पण इथं विषय मेंबरकीचा आहे. पुढच्या वेळी उभे राहिले तर त्यांनी आधी बैठकीच्या वेळेचं काय ते बोलावं, मग मत मागावं. दुसऱ्यांना एक, आणि तोही त्या पहिल्या दिवशी नवी साडी नेसून गेल्या होत्या म्हणून. त्यांच्या नवऱ्याला काही नाही, मी त्याला मत दिलंच नव्हतं. तिसरीला साडेचार. अर्धा तारा तिनं गल्लीत येऊन सांगायला लागावं म्हणून राखून ठेवलाय, तिला तसं कळवलंय.

खालच्या गल्लीत आता नळ आहे, एक दिवसाआड, सकाळी सहा ते सात. गटारीचं काम अजून सुरू व्हायचं आहे. या महिन्याच्या बैठकीची नोटीस काल लागली, खाली हातानं लिहिलेला मराठी कागद. तारीख मी पाटीवर उतरवून घेतलीय.